बाजू बदलायची जागा

माझे घरमालक विजयकाका आणि त्यांचे मित्र शरदकाका रविवारी एका जुन्या रॉक बँडच्या मैफलीचं रेकॉर्डिंग ऐकत होते. ते आता नव्याने, पूर्ण निघालं आहे. मलाही त्यांनी बोलावलं.

गिटार रंगात आली असताना विजयकाका एकदम उठून टेबलाकडे गेले. तिथे तर मोबाइलला जोडलेला स्पीकर होता.

"बस रे, आता कॅसेट उलटायची नाही," शरदकाका हसले.

तरुणपणी त्यांच्याकडे याच मैफलीची कॅसेट होती आणि तिची पहिली बाजू इथेच, गिटार अर्धवट तोडून संपायची. राहिलेला तुकडा दोघं तोंडानं वाजवायचे.

"हे आपल्यापेक्षा बरं निघालं तर?" विजयकाकांनी विचारलं.

"निघणारच, गाढवा."

तुकडा संपला. "छान आहे," विजयकाका हळूच म्हणाले.

जे अपुरं मिळतं ते माणूस स्वतःच्या आवाजानं भरतो, आणि मग तेवढंच त्याचं स्वतःचं उरतं का? मला नीट सांगता येत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. असलं संगीत आधी समजावं लागतं, मगच त्यात सामील होता येतं, असं मी धरून चाललो होतो.

शरदकाकांनी गाणं मागे नेलं आणि त्या जागी आवाज बंद केला. दोघं तोंडानं गिटार वाजवू लागले. मी बिचकत टेबलावर ठेका धरला.