पडद्याआधीचं पान

नगरच्या आमच्या विज्ञानकथा वाचकांच्या संमेलनात एरवी सगळे एका सतरंजीवर मावायचे. त्या वर्षी माझ्या एका मित्राने घोडेगावच्या सिनेमाच्या तंबूतून प्रोजेक्टर आणि चंद्रस्वारीच्या सिनेमाची रिळं आणली, तेव्हा आसपासच्या गावांतूनही लोक आले आणि वाचनालयात उभं राहायला जागा उरली नाही.

प्रत्येकाने आपल्या पुस्तकातलं एक पान वाचायचं, ऐन रंगात थांबायचं आणि पुढचं ज्याला हवं त्याने ते पुस्तक घरी न्यायचं, ही आमची रीत. माझी पाळी आली तसा मित्र म्हणाला, "राहू दे रे. लोक चंद्र बघायला आलेत, तुझा चष्मा नाही."

सगळे हसले. मी दिव्याच्या बटणावर हात ठेवला. "आज वाचन सोडलं, तर पुढल्या वर्षी कोणी पुस्तकच आणणार नाही. माझं पान होईपर्यंत दिवा बंद होणार नाही."

"मग वाचा की लवकर," मागून एक शेतकरी म्हणाला, "आमची शेवटची यष्टी हाय."

मी घाई केली नाही. पडद्यावरचं यान चंद्रावर उतरण्याआधीच त्या गावकऱ्यांना यष्टीसाठी उठावं लागलं. त्यांचे चेहरे आठवले की आजही अपराधी वाटतं. मित्राने तर माझ्याशी बोलणंच टाकलं.

माझं पुस्तक कोणी मागितलं नाही. पुढच्या वर्षी तेच घेऊन गेलो आणि थांबलो होतो तिथून पुढे वाचू लागलो.