लिंबोणीला दिलेली धमकी

लिंबाचं पान चुरगळलं की मला रक्ताचा वास येतो. दिलसुखनगरच्या घरामागं आमची लिंबोणी होती, मोठी झाली तरी फळ धरेना. थंडीत तिचं पाणी तोडलं, मुळं उघडी केली, संक्रांतीनंतर शेणखत घालून पाणी सोडलं, तरी नुसती पानंच. मग आमच्याकडची रीत केली. फळ न देणाऱ्या झाडाला धमकी द्यायची. एकानं कोयता उगारायचा, दुसऱ्यानं झाडाच्या जिवाची भीक मागायची. मी ओरडलो, "आज तुझे तुकडेच करतो, रांडे." बायको पदर पसरून रडायला लागली, "नका हो मारू, पुढच्या साली देईल ती." सोंग तिला झकास जमायचं. शेजारी नवा होता, फौजेतून रिटायर झालेला, मराठी कळत नव्हतं त्याला. भिंतीवरून उडी मारून आला आणि काठी माझ्या कपाळावर हाणली. "औरत कू काटता, साले?" डोळ्यांत रक्त उतरलेलं, तरी मी त्याच्या मनगटाला कडकडून चावलो. बायकोनं शेणखताची पाटी त्याच्या डोक्यात घातली. "मेरे आदमी कू मारता? झाड कू डरा रहे थे वो." तो खालीच बसला. शेण पुसत म्हणाला, "झाड कू?" पुढच्या साली लिंबोणी वाकेस्तोवर लागली, दरसाल लागत राहिली. यंदा बायको गेली आणि फळ आलं नाही. मी कोयता उगारला, तसाच ओरडलो, हात वर धरून थांबलो. मध्ये कोणी पडलं नाही. मग घाव घातला, आणि बुंधा आडवा होईस्तोवर घालतच राहिलो.