खाटेवर न झोपणारे तात्या

पळसदेवचे तात्या उभ्या आयुष्यात खाटेवर झोपले नव्हते. स्वतःच्या लग्नातही नाही. कुणी आग्रह केला की म्हणायचे, "खाट दोघांलाच. बाळंतिणीला, न्हायतर मरायला टेकलेल्याला. मी दोनीत बसत न्हाय." घरची मेंढरं होती तेव्हा त्यांच्याच लोकरीची विणलेली एक काळी घोंगडी त्यांच्याजवळ होती. पुढं धरण आलं, कुरणं पाण्याखाली गेली, मेंढरं विकली. तात्या आधी शेतीत आणि मग माशांच्या धंद्यात शिरले, पण घोंगडी सुटली नाही. "बिछाना आपला असला की जागा परकी ऱ्हात न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

ही घोंगडी चीनपर्यंत जाईल असं मात्र मला वाटलं नव्हतं. इंदापूरकडच्या मासेवाल्यांची एक तुकडी तळ्यातली मत्स्यशेती पाहायला तिकडं निघाली होती. तिकडचा दुभाषी हिंदी जाणणारा होता आणि आमच्या मंडळींची हिंदी म्हणजे आनंदीआनंद. मी जळोचीत राहायचो आणि बारामतीच्या कॉलेजात हिंदी शिकवायचो, म्हणून मधला माणूस म्हणून माझी वर्णी लागली. बाकीचे लोक कोट शिवून घेत होते तेव्हा तात्या घोंगडीला ऊन दाखवत होते. आणि खोलीत जोडीदार म्हणून नेमके ते माझ्या वाट्याला आले.

वुशी नावाच्या शहरात आमचा मुक्काम होता. हॉटेल मधलंच, म्हणजे ना राजवाडा ना धर्मशाळा. एकाच कंपनीची अशी हॉटेलं गावोगावी आहेत आणि सगळ्या खोल्या पलंगाखालच्या सपातांपर्यंत सारख्या असतात, असं दुभाष्या लीनं अभिमानानं सांगितलं. तात्या विचारात पडले. "मंग लीराव, माणसाला गाव बदलल्यालं कळतं कसं?" ह्याचं हिंदी करून सांगताना माझी पुरेवाट झाली.

प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ एक टेबल आणि तिथं निळ्या गणवेशातली एक बाई. किल्ल्या तिच्याकडे, खोल्यांची झाडलोट तिच्याकडे, आणि सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याचे थर्मास खोलीत ठेवणंही तिच्याकडेच. आमच्या मजल्यावरची बाई चाळिशीची, आखूड केसांची, हसताना तोंडावर हात धरणारी. तात्या तिला 'बाय' म्हणत. येता-जाता हात जोडून ते तिच्याशी मराठीत पीकपाण्याच्या गोष्टी करायचे, ती चिनीत उत्तरं द्यायची. दोघांचं अगदी छान चाललं होतं. दुभाष्याची गरज फक्त आम्हा शहाण्यांनाच होती.

तात्यांचं पाहुणेपणाचं एक शास्त्र होतं. "पाहुणा गेल्यावर घरच्या बाईनं हुश्श म्हनू ने," हे त्याचं सार. त्यामुळं ते फरशीवर घोंगडी अंथरून झोपत आणि उठल्यावर घडी घालून कपाटात ठेवत. पलंगाला बोट लावलं नाही. हॉटेलचे टॉवेल जागच्या जागी, अंग पुसायला स्वतःचा पंचा. न्हाणीघर धुऊन कोरडं करूनच बाहेर यायचे. थर्मास तर भरलेलाच नेऊन तिच्या टेबलावर ठेवत, कारण गरम पाणी हे आजाऱ्यानं प्यायचं. मी एकदा म्हटलं, "तात्या, पलंगाचं भाडं भरलंय आपण." तर म्हणाले, "मास्तर, भाडं भरलं म्हणून काय दुसऱ्याची खाट झिजवायची व्हय?"

दुसऱ्या दिवशी पलंगावरची चादर बदललेली दिसली. मग गादीच बदलली. मग एका संध्याकाळी मॅनेजर जातीनं फळांची बशी घेऊन दारात आला आणि वाकून काहीतरी म्हणाला. तात्या भारावून गेले. "लई मानपान करत्यात ही मानसं." पण पहिल्या आग्रहाला हात लावणं म्हणजे हावरटपणा, हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. यजमानानं 'घ्या' म्हणायचं, पाहुण्यानं 'नको' म्हणायचं, असं दोन-तीनदा झाल्यावर मग घ्यायचं. तात्यांनी रीतीप्रमाणं हात जोडून बशी मागं सारली. मॅनेजरनं आग्रह केलाच नाही. त्याचा चेहरा पडला आणि तो बशी घेऊन गेला. तात्या बराच वेळ दाराकडं बघत होते. द्राक्षं चांगली होती.

निघायच्या दिवशी सकाळी टेबलावर दुसरीच पोरगी बसलेली. तात्यांनी थांबून विचारलं, "बाय कुठं हाय?" लीनं चौकशी केली, मग जरा चाचरत मला हिंदीत सांगितलं. विदेशी अतिथी असंतुष्ट आहेत असा निष्कर्ष निघाला होता. पलंग वापरत नाहीत, टॉवेल वापरत नाहीत, पाणी परत पाठवतात, फळंही नाकारली. दोष मजल्यावरच्या बाईचा धरला होता. तिला कामावरून बाजूला केलं होतं आणि आज-उद्या घरी बसवणार होते.

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा तात्या जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. मग हळूहळू बोलले. त्यांची थोरली बहीण एका विश्रामगृहावर स्वयंपाकाला होती. एक साहेब मुक्कामी आला, त्याचं पोट बिघडलेलं. ताट तसंच परत गेलं. "साहेबानं तक्रार केलीच न्हवती, मास्तर. त्यो नुस्ता गप बसला. आन् वरच्यांनी ठरवलं, साहेब नाराज. अक्काची भाकरी गेली. मी दारात टोपी हातात घिऊन उभा हुतो. मी बी गप." मग उठले, खोलीत जाऊन कपाटातली घोंगडी काढली आणि खाली निघाले. "आज गप बसायचं न्हाय."

खाली बस उभी होती, पुढं रेल्वे गाठायची होती. तात्यांनी काउंटरसमोर, लखलखीत फरशीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मधोमध घोंगडी अंथरली आणि मांडी घालून बसले. आमच्या तुकडीचे प्रमुख एका सोसायटीचे चेअरमन होते. ते लालबुंद झाले. "तात्या, अवो देशाची अब्रू जाईल!"

"देश मोठा हाय, चेअरमन. त्याची अब्रू जाया येळ लागंल. त्या बायचं काम आजच जातंय."

मॅनेजर धावत आला. त्यानं आधी मोठी खोली देऊ केली, मग चहा, मग तीच फळांची बशी. तात्या जितके 'नको' म्हणत तितका तो घाबरा होई. शेवटी तात्यांच्याच ध्यानात आलं. "मास्तर, ह्यो गडी माझ्या 'नको'ला भितोय. आन ती बशी हिकडं." आणि सगळ्यांसमोर त्यांनी द्राक्षं एकेक करून संपवली. मग मॅनेजरचा हात धरून म्हणाले, "आता बघ." घोंगडीवर आडवे झाले, डोळे मिटले आणि अस्सल पळसदेवी घोरणं सुरू केलं. एक डोळा उघडून मला म्हणाले, "सांगा त्याला. मी घरी बी असाच झोपतो. राजाच्या वाड्यात बी असाच झोपंन. बायचं काम चोख हुतं, म्हणून मी ते इस्कटलं न्हाय. आन ती तिच्या जाग्यावर बसल्याली दिसल्याबिगर मी उठत न्हाय."

मी हिंदी केलं, लीनं चिनी केलं. तीन भाषांच्या प्रवासात काय उरलं कोण जाणे, पण मॅनेजर घोंगडीजवळ उकिडवा बसला, तिच्यावरून हात फिरवला आणि पहिल्यांदा खरं हसला. त्यानं बाईला आणायला माणूस पाठवला. रेल्वे केव्हाच गेली होती. चेअरमन एका कोपऱ्यात तोंड फिरवून बसले होते. खूप वेळानं ती बाई आली, डोळे सुजलेले, गणवेश अंगात. तात्या तिच्या मागोमाग वर गेले आणि ती टेबलाशी बसल्यावरच त्यांचा जीव भांड्यात पडला.

तिनं थर्मास उघडला, कपभर वाफाळतं पाणी ओतलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं. तात्यांनी ते उभ्याउभ्या एका दमात घशाखाली घातलं. जीभ पोळली असणार. डोळ्यांत पाणी आलं, ते पोळल्याचं की कशाचं, मला ठरवता आलं नाही. बाहेर पडताना मी म्हटलं, घोंगडी आठवण म्हणून बाईला देऊन टाकायची. तात्या थबकलेच. "येडं का काय, मास्तर! पुन्यांदा म्हणतील, पाहुण्यानं रागानं टाकली."

परत आल्यावर ते सकाळी गरम पाणी प्यायला लागले. आणि एक नवी खोड लागली. इंदापूरच्या स्टँडसमोर मिसळ खाल्ली तरी गल्ल्यावर जाऊन मोठ्यानं सांगायचे, वाढणाऱ्याचा हात चांगला हाय. मला तीच खोड लागली. लॉजवर उतरलो की निघताना खोली झाडणारीचं नाव विचारून मी मालकासमोर तिचं कौतुक करतो. बायको संकोचते. मी ऐकत नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा कळलं, तात्यांना बारामतीत दवाखान्यात ठेवलंय. मी गेलो आणि दारातच थांबलो. तात्या खाटेवर होते. घोंगडी उशाशी, घडी घालून.

"तात्या, खाटेवर?"

"त्या मावशीनं सकाळी चादर घातलीया," ते म्हणाले. आवाज खोल गेला होता. "खाली निजलो आन् मोठं डॉक्टर आलं, तर तिलाच बोलत्याल." मी गरम पाणी दिलं, ते दोन घोट प्याले. तेवढ्यात डॉक्टर आले. तात्यांनी त्यांना प्रकृतीचं काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "डाक्टर, मावशीचं काम चोख हाय बरं का."

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तोवर तात्यांना पळसदेवला नेलं होतं, घोंगडीत गुंडाळून. मावशी खाटेवरची चादर काढत होत्या. ती पार चुरगळली होती. तात्यांनी उभ्या जन्मात चुरगळलेली तेवढी एकच चादर.