दुसरा ताप

कनकलता रागावली की तिचा आवाज चढत नसे, खाली येई. तंजावूरच्या एका धर्मादाय इस्पितळात ती रक्त, थुंकी तपासण्याचं काम करायची. मद्रासला जाऊन हे शिकलेली तिच्या घरातली ती पहिलीच मुलगी. नोकरी लावून दिली होती तिथल्याच मोठ्या डॉक्टरांनी, बाळकृष्णरावांनी. तेही मराठी, तिच्या वडिलांचे स्नेही, म्हणून ती त्यांना काका म्हणे.

१९५७च्या उन्हाळ्यात मद्रासकडून फ्लू आला आणि इस्पितळाच्या व्हरांड्यातही चटया पडल्या. फ्लूला औषध नाही, कंजी, म्हणजे तांदळाची पेज, प्या, घरी पडून राहा, असं काका सगळ्यांना सांगत. बहुतेक बरेही होत. पण काहींचा ताप चौथ्या दिवशी उतरे, माणूस उठून बसे, आणि दोन दिवसांनी पुन्हा फणफणे. छातीत कळ, थुंकीत रक्त. अशांची थुंकी कनकलता काचेवर रंगवी तेव्हा भिंगाखाली जांभळ्या ठिपक्यांचे घोस दिसत. फ्लूचा विषाणू त्या भिंगाला दिसणं शक्यच नव्हतं. हे जंतू वेगळे होते, फ्लूने पोखरलेल्या फुप्फुसात मागाहून शिरलेले. आणि त्यांच्यावर पेनिसिलिन होतं.

पापनाशमची कामाक्षी अशीच दुसऱ्या तापात आली. तिचा नवरा सेतुराम, भाताच्या गिरणीत हमाल, तिला उचलूनच आत घेऊन आला. कनकलताने अहवाल लाल शाईने लिहिला आणि स्वतः नेऊन दिला. काकांनी तो न वाचताच पेपरवेटखाली सारला. साथ फ्लूची आहे, हाही फ्लूच, म्हणाले. पेनिसिलिन शस्त्रक्रियेच्या रोग्यांसाठी राखलेलं. संध्याकाळी तिने पुन्हा विचारलं, तर त्यांनी तिला घरी जायला सांगितलं. आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामाक्षी वारली. मृत्यूच्या दाखल्यावर कारण होतं, फ्लू.

दाखला वाचून कनकलता थेट काकांच्या खोलीत शिरली. समोर रोग्यांची रांग होती, सेतुरामही भिंतीला टेकून उभा होता. अहवाल अजून पेपरवेटखालीच होता, घडीसुद्धा न मोडलेला. तिने तो काढून त्यांच्यापुढे उलगडला.

काका मराठीत हळूच म्हणाले, "कनका, हे आपण मग बोलू."

ती तमिळमध्ये बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून. "फ्लूने कामाक्षीला आडवं पाडलं, डॉक्टर. मारलं दुसऱ्या रोगाने. तो मी काल तुम्हाला लिहून दिला होता. दाखला बदला."

"तू काचा रंगव. औषध काय द्यायचं ते मी ठरवीन."

सेतुराम पुढे आला. त्याने डॉक्टरांना नाही, तिला विचारलं, "अम्मा, ती वाचली असती?"

खोटं बोलणं सोपं होतं. "कदाचित," ती म्हणाली. "पण प्रयत्नच झाला नाही."

तो खाली बसला. काकांनी दाखला बदलला नाही.

संध्याकाळी वडिलांनी तिला माफी मागायला सांगितलं. तिने ऐकलं नाही, तर ते महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. इस्पितळाच्या समितीनेही तिच्याकडून माफीपत्र मागवलं. तिने उत्तरादाखल आपली वही पाठवली. साथ सुरू झाल्यापासून दुसऱ्या तापाचे एकोणीस रोगी, त्यातले अकरा मेलेले, आणि पेनिसिलिन एकालाही नाही. समितीतल्या कोणाला घाम फुटला असावा. काकांना कोणी जाब विचारला नाही, पण औषधाच्या कपाटाची किल्ली जयतीर्थ नावाच्या तरुण डॉक्टरकडे गेली. तो रोज सकाळी तिच्या टेबलापाशी येऊन स्वतः भिंगातून पाही. पुढच्या सहा रोग्यांतले चार वाचले. उरलेल्या दोघांच्या जंतूंनी पेनिसिलिनला दाद दिली नाही. त्या दोघांसाठीही ती रागावली, पण तो राग निराळा होता.

बाळकृष्णराव १९६२ साली निवृत्त झाले. अंगणात मंडप घातला होता, कर्ण्यावरून भाषणं चालली होती. साथीत डॉक्टरांनी गावाला तारलं, असं कोणीतरी म्हणालं. हार घालायला कनकलताला बोलावणं आलं. तिने निरोप धाडला की हातातलं काम सोडून येता येणार नाही. मग खिडकी लावून घेतली आणि दुसरी काच रंगवायला घेतली. रागाच्या भरात रंग जास्त ओतला गेला, म्हणून ती काच तिला दोनदा धुवावी लागली.