दळवी काकांच्या घरचा राउटर

“मनोजभाऊ, मला एकच सांगा. मावशी स्विच बंद करतात की नाही?”

निखिल दळवी हैदराबादहून बोलत होता. मी बदलापूरला त्याच्या वडिलांच्या हॉलमध्ये राउटरसमोर स्टूल टाकून बसलो होतो. फोन स्पीकरवर होता आणि सुनंदामावशी स्वयंपाकघरात होत्या. मी घाईघाईने स्पीकर बंद केला, पण त्यांनी ऐकलं होतं. पेज ढवळणारा त्यांचा हात थांबला होता.

दळवी काकांना पक्षाघात झाल्याला वर्ष होत आलं होतं. उजवी बाजू गेलेली, बोलणंही जवळजवळ गेलेलं. काकू आधीच वारल्या होत्या. रात्री पुतण्या झोपायला यायचा. दिवसभर सोनिवलीच्या सुनंदामावशी सांभाळायच्या. पलंगासमोर कॅमेरा लावला होता. निखिल ऑफिसातून मधूनमधून मोबाइलवर वडिलांना बघायचा.

दोन महिन्यांपासून राउटर आपोआप रीस्टार्ट होत होता. दोन-तीन मिनिटं चित्र जायचं, मग परत यायचं. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चार वेळा. निखिलच्या लक्षात आलं होतं की चित्र जातं ते बहुतेक वेळा काकांना भरवताना, अंग पुसताना, कूस बदलताना. काका एकटे पडून असले की तासन्‌तास सगळं व्यवस्थित.

“हा योगायोग नाही वाटत मला,” तो म्हणाला. त्याला कशाची भीती होती हे त्याने उघड सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

मी उल्हासनगरात नेटवर्किंगची कामं करतो. वीस वर्षं झाली. हा राउटर मीच बसवला होता. राउटरच्या आत एक सॉफ्टवेअर चालतं, त्याला फर्मवेअर म्हणतात. कंपनीचं फर्मवेअर काढून मी त्यात बाहेरचं, फुकट मिळणारं टाकलं होतं. त्यात एक सोय होती. राउटरलाच हार्ड डिस्क जोडून कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग घरातच ठेवता येत होतं. त्यामुळे पहिला संशय मला माझ्याच कामावर आला.

फर्मवेअरचं नवीन व्हर्जन टाकलं. सगळं सेटिंग कोरं करून पुन्हा भरलं. तिसऱ्या दिवशी राउटर परत रीस्टार्ट झाला.

मग लॉगकडे वळलो. लॉग म्हणजे राउटर स्वतःच लिहीत असलेली डायरी. राउटर बंद झाला की ती पुसली जाते, म्हणून मी ती इंटरनेटवरून माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर यायची व्यवस्था केली. आठवडाभर वाचली. राउटर सॉफ्टवेअरमुळे रीस्टार्ट झाला तर तसं लिहून बंद होतो. इथे डायरी मध्येच तुटत होती. म्हणजे वीजच तुटत होती. घरातली लाइट मात्र गेलेली नसायची.

मी निखिलला तसं कळवलं.

“म्हणजे कोणीतरी बटण बंद करत असेल?” त्याने विचारलं.

“असू शकतं,” मी म्हणालो.

मी मागच्या वेळी राउटरच्या पॉवर अडॅप्टरला हात लावून बघितलं होतं. गरम नव्हता. तेवढ्यावर तो बरा आहे असं मी धरून चाललो होतो. निखिलला “अजून तपासतो” एवढंच म्हणायला हवं होतं.

त्या शनिवारी निखिलने सुनंदामावशींना कामावरून काढलं.

सोमवारपासून रुग्णसेवेला बायका पुरवणाऱ्या ब्युरोची नवीन बाई आली. गुरुवारी निखिलचा फोन आला. “मनोजभाऊ, परत गेलं. आता ही पण करते का?” त्याचा आवाज उतरला होता.

मी दुकान बंद करून बदलापूरला गेलो. नवीन बाई औषधं आणायला खाली गेली. मी राउटरसमोर अर्धा तास बसलो. सगळे दिवे व्यवस्थित लागलेले. मग आतून काकांनी पलंगाच्या दांडीवर बोटं वाजवली. त्यांना पाणी हवं होतं. मी उठून आत गेलो, त्यांचं डोकं उचललं, चमचाभर पाणी दिलं. बाहेर हार्ड डिस्कचा ‘कट’ असा आवाज आला. वळून बघितलं तर राउटरचे सगळे दिवे गेले होते.

हॉलमध्ये कोणीच नव्हतं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. कॅमेरा सतत रेकॉर्डिंग करत नव्हता. समोर हालचाल झाली तरच करायचा. बाकी वेळ हार्ड डिस्क झोपलेली असायची. ती फार तापू नये म्हणून ते सेटिंग मीच केलं होतं. कोणी काकांजवळ गेलं की डिस्क जागी होऊन फिरायला लागायची आणि त्या क्षणी राउटरच्याच अडॅप्टरमधून एकदम जास्त वीज ओढायची. अडॅप्टर जुना झालेला. कधी तेवढी वीज द्यायचा, कधी नाही. नाही दिली की राउटर बंद.

मी आलो की मावशी काम थांबवून स्वयंपाकघरात उभ्या राहायच्या, माझं आटपेपर्यंत. म्हणून माझ्यासमोर ते कधी घडलंच नव्हतं.

डिस्क झोपायची वाट बघून कॅमेऱ्यासमोर हात हलवला. चार वेळा केलं, दोनदा राउटर बंद पडला. मग बॅगेतला मोठ्या क्षमतेचा अडॅप्टर लावला. सहा वेळा केलं, एकदाही नाही.

निखिलला फोन केला. सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. तो म्हणाला, “मी त्यांना काय काय बोललो, तुम्हाला माहीत नाही.”

मी तिथूनच सोनिवलीला गेलो. मावशी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“म्हंजे मी काकांना हात लावला का ते बंद पडायचं?”

“हो.”

“मंग हात नसता लावला, नुसती बसून राहिले असते, तर मी चांगली ठरले असते.”

“चूक माझी आहे, मावशी. मी न बघता बोललो,” एवढं म्हणालो.

“तुमी सांगायला आलात. ते बी कोन येत नाय,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

संध्याकाळी निखिलने त्यांना फोन करून माफी मागितली, परत या म्हणाला. त्या आल्या नाहीत. खरवईला एका आजींचं काम त्यांनी धरलं होतं आणि दिलेला शब्द त्यांना मोडायचा नव्हता. नंतर एका रविवारी त्या काकांना बघून गेल्या, हे मला पुतण्याकडून कळलं. काका डाव्या हाताने त्यांचा हात धरून बसले होते, सोडत नव्हते.

राउटर त्यानंतर एकदाही बंद पडलेला नाही.

हल्ली तक्रार घेऊन गेलो की मी पॉवर अडॅप्टर आधी बदलून बघतो. आणि कारण हाती लागलं नसेल तर रिपोर्टमध्ये ‘माहीत नाही’ असं लिहितो. कस्टमरला ते आवडत नाही. काहीजण दुसऱ्याला बोलावतात. तरी मी तेच लिहितो.