वळखीचं काय तरी दाव

नगरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात मला परवडेल असा एकच मॉनिटर उरला होता. त्याच्या कडा चाचपत, एवढ्या पैशाला घ्यावा की नाही, या घोळात मी उभा होतो. तेवढ्यात पारनेरकडच्या एक मावशी आल्या. पदर खोचलेला, हातात मेथीची पिशवी. लेकीसाठी त्यांनाही तोच हवा होता.

दुकानदारानं पडद्यावर बर्फाचे डोंगर लावून दाखवले. मावशींनी नाक मुरडलं. "हे आमी कुठं बगितलंय? वळखीचं काय तरी दाव."

मग नकाशात त्यांचं गाव, वस्ती आणि शेवटी घर शोधलं. मावशी नाक टेकेल इतक्या वाकल्या. "आमची टाकी काळी हाय. हितं निळी दिसतीय."

दुकानदारानं बटणं दाबून रंग सुधारले. टाकी काळी झाली. गिऱ्हाईक असावं तर असं, मी मनात म्हटलं.

टाकीवरून खाली आलेलं त्यांचं बोट अंगणात थांबलं. "आगं बया, आमचा लिंब! ह्यो तर वादळात पडला की."

"फोटो जुना आहे, मावशी," दुकानदार म्हणाला. "आणि तो कुठल्याही मॉनिटरवर दिसेल."

"ठावं हाय रं. पन घावला हितंच की." त्यांनी पदरानं काच पुसली, फक्त त्या झाडापुरती.

मॉनिटरवर इतका वेळ हक्कानं ठेवलेला हात मी हळूच काढून घेतला.