आजच फेकून द्या

‘युसुफचाचा गेले.’ शहाद्याहून त्यांच्या घरून फोन आला तेव्हा मी नवं पत्रक लिहीत होते. पाच आठवडे झाले... ते तसंच अर्धं पडलंय.

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली, आणि ती सगळी चाचांच्या छापखान्यातून. पुढे मीही पत्रकं लिहू लागले. माझा मजकूर हाती पडला की चाचा म्हणत, “बेटी, तुन्ह्या शिव्या छापी छापी मन्हा सांधा दुखी ऱ्हायनात!” सांधे खरंच दुखत. गावोगाव पिशवी घेऊन फिरणारा एक बोगस डॉक्टर त्यांना पांढऱ्या गोळ्या देई. चार वर्षं ते त्या घेत होते. गोळ्या स्टेरॉईडच्या आहेत हे कळल्यावर मी पेटले आणि लिहिलं : ‘हे विष आहे. आजच फेकून द्या.’ चाचांनी ते छापलं आणि त्याच संध्याकाळी गोळ्या गटारीत टाकल्या.

आठव्या दिवशी भेटायला गेले तर ते अंथरुणात होते. अन्न ठरत नव्हतं, उठलं की चक्कर. “जहर निघी ऱ्हायनं व्हई,” ते हसून म्हणाले. आणि मी... मी म्हणाले, “हो चाचा, निघू द्या.”

दोन दिवसांनी ताप चढला, रक्तदाब कोसळला. नंदुरबारला पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. फोननंतर मी तिथल्या इस्पितळात धावले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला व्हरांड्यात समजावलं. आजारपणाचा ताण आला की मेंदू हुकूम सोडतो आणि मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड, सोडते; त्यावर शरीर तग धरतं. पण वर्षानुवर्षं गोळीतून ते आयतं मिळालं की मेंदू हुकूम पाठवणं थांबवतो, ग्रंथी सुकते. तिला जागं व्हायला कित्येक महिने लागतात. म्हणून गोळी हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करायची.

त्या बोगस डॉक्टरला मी सोडणार नाही. पण चाचांनी त्याचं नव्हे, माझं ऐकलं होतं. मी अर्धं सत्य लिहिलं, आणि तेही मोठ्या टायपात.

परवा चाचीसमोर हे सगळं कबूल केलं. वाटलं, हाकलून देतील.  त्या म्हणाल्या, “लिख. पन आते पुरं लिख.” आणि छापखान्याची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

मशीनशेजारची भिंत खांद्याच्या उंचीवर काळी आहे. प्रत्येक काम संपलं की चाचा शाईचा अंगठा तिथे पुसत. त्यातला शेवटचा ठसा, माझ्या त्या पत्रकाचा, अजून ठळक आहे. त्यानंतर त्यांनी काहीच छापलं नाही.